हसायच्या ओळी लिहिणारी

उस्मानपुऱ्यातली सुकेशनी हिवराळे पोटापाण्यासाठी काय करते, हे तिच्या गल्लीत कुणालाच धड सांगता येत नाही. कुणी म्हणतं टायपिंग करते, कुणी म्हणतं कार्टूनचं काहीतरी असतं. तिची आई लीलाबाई विहारातल्या बायकांना सांगते की पोरगी इंग्रजीचं हिंदी करती, आणि लगेच विषय बदलते. कारण पुढचा प्रश्न येणार, कशाचं हिंदी? त्याचं उत्तर विहारात देण्याजोगं नाही. सुकेशनी हिवराळे, एम.ए. हिंदी, वय चाळिशीला टेकलेलं, गांजा ओढणाऱ्या अमेरिकन पोरांच्या विनोदी सिनेमांना हिंदी बोलायला शिकवते. घ्या आता.

हे काम तिनं हौसेनं धरलं नव्हतं. कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होती, ते तास गेले. लग्न झालं होतं, तेही टिकलं नाही. बाई बॅग घेऊन आईकडं परत आली आणि तक्रार न करता कामाला लागली. विद्यापीठातली एक मैत्रीण मुंबईत डबिंगच्या स्टुडिओत होती, तिनं आधी प्राण्यांच्या माहितीपटांची कामं दिली. सिंह काही बोलत नाही, त्यामुळं ते सोपं गेलं. माणसांचं अवघड असतं. पडद्यावरचं तोंड किती वेळ उघडं आहे ते बघायचं, ओठ कुठं मिटतात ते बघायचं, आणि बरोबर तिथं प, ब नाहीतर म येईल असं हिंदी वाक्य बसवायचं. शिवाय त्याचा अर्थही लागला पाहिजे. सुकेशनी आरशापुढं उभी राहून वाक्यं म्हणायची, आणि लीलाबाईंना वाटायचं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला.

मग एक दिवस तो सिनेमा आला. त्यात दोन पोरं, एक लांब केसांचा, एक जाड्या. एक सोफा. पोरं ओढतात, हसतात, त्यांना मरणाची भूक लागते, म्हणून बाहेर पडतात. बाहेर पडल्यावर जे जे वाकडं व्हायचं ते सगळं होतं, पोलीस मागं लागतात, आणि सकाळी दोघं पुन्हा सोफ्यावर येऊन बसतात. संपला सिनेमा. सुकेशनीनं डोक्याला हात लावला. तरी मन लावून सगळा अनुवाद केला, चांगल्या घोटीव हिंदीत. त्यात जाड्या म्हणत होता, "मित्र, मुझे अत्यधिक भूख का अनुभव हो रहा है." स्टुडिओतून निरोप आला की मॅडम, हिंदी सुंदर आहे, पण हसू येत नाही.

हसू कुठून आणायचं? घरात तर हसणं बंदच होतं. घराला हसवणारी दोन माणसं होती. त्यातला एक गेला होता आणि दुसरा गप्प झाला होता.

दुसरा म्हणजे तिचा धाकटा भाऊ अभय. आणि गेला तो रामेश्वर, गंगापूरच्या पुढच्या एका खेड्यातल्या धनगराचा पोरगा. शिकायला शहरात आला, अभयच्या वर्गात पडला आणि हिवराळ्यांच्या घरचाच झाला. दोघंही परीक्षांचे फॉर्म भरत होते, नोकरी काही लागत नव्हती. गच्चीवर एक फाटकी गादी होती, तिच्यावर दुपार दुपार पडून राहायचे. गांजा ओढतात हे लीलाबाईंना कळायला वेळ लागला, सुकेशनीला आधीच कळलं होतं. ती रागवायची आणि रागावता रागावता हसायची, कारण रामेश्वरची जीभच तशी होती. गावाकडची मराठी आणि शहरातली दखनी हिंदी त्याच्या तोंडात एकमेकींच्या गळ्यात पडायच्या. एकदा तो भुकेजून खाली आला, फ्रिज उघडला आणि आत बघत उभाच राहिला. मग गंभीर तोंड करून म्हणाला, "बत्ती जलरी अंदर. कोई रहता होएंगा. पूछ के लेना." लीलाबाई चिडल्या होत्या, पण पदराआड हसल्या.

मग पैठण रोडवरचा अपघात झाला. संध्याकाळी दोघांना भूक लागली आणि ते ढाब्यावर निघाले. रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली उभी होती, तिला मागं दिवा नव्हता. मोटारसायकल रामेश्वरची. तो जागीच गेला. अभय वाचला, पण एक पाय कायमचा आखूड राहिला.

स्टुडिओचा निरोप आला त्या दिवशी सुकेशनी गच्चीवर गेली, ती गादी अजून तिथंच होती. खाली येऊन तिनं सगळा अनुवाद पुसला आणि नव्यानं लिहायला बसली. जाड्याला रामेश्वरची जीभ दिली, लांब केसांच्याला अभयची. फ्रिजचं वाक्य जसंच्या तसं बसलं, ओठसुद्धा जुळले. लिहिताना ती रडत होती आणि हसतही होती. आपण पाप करतोय की पुण्य, हे तिला कळत नव्हतं.

सिनेमा धो धो चालला. कानपूर, भोपाळ, पाटणा, हैदराबाद, कुठली कुठली पोरं मोबाइलवर बघत होती आणि खाली कमेंट लिहीत होती. सुकेशनी ते सगळं वाचायची. तिला आधी वाटलं होतं, पोरांना गांजाचं कौतुक आहे. वाचत गेली तसं उलटंच निघालं. अर्ध्याअधिक पोरांनी कधी बिडीला हात लावला नव्हता. त्यांना कौतुक होतं त्या सोफ्याचं. दोन वाढलेली पोरं दिवसभर बसून आहेत आणि कुणी विचारत नाही, काय चाललंय सध्या, रिझल्टचं काय झालं, शेजारच्याचा बघ कसा लागला. पाटण्याच्या एका पोरानं लिहिलं होतं की परीक्षेच्या तयारीला खोली घेऊन राहतो, रोज जेवताना हाच सिनेमा लावतो, म्हणजे एकट्यानं जेवल्यासारखं वाटत नाही. आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली, ती तिनं कुणालाच सांगितली नाही. ह्या सिनेमात पोलीस मूर्ख असतात, गाड्या उलटतात, पण शेवटी दोघंही घरी पोचतात. दर वेळी पोचतात. त्यासाठीच आपली पोरं पुन्हा पुन्हा बघत असणार.

रामेश्वरची जीभ सिनेमात घातली हे अभयला कळू नये म्हणून ती कानात हेडफोन घालून काम करायची. अपघातानंतर तो व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला होता, तेव्हापासून नशेपासून लांब होता. गुलमंडीत एका कापडाच्या दुकानात गाद्यांवर बसून साड्या उलगडून दाखवायचा आणि घरी येऊन गप्प जेवायचा. पण शेवटी दुकानातल्याच पोरांनी ते फ्रिजचं वाक्य त्याच्या कानावर घातलं. घरी आला आणि म्हणाला, "ताई, ते रामेश्वरचं आहे ना?" सुकेशनी हो म्हणाली. अभय म्हणाला की तो असता तर पार्टी मागितली असती, आणि हात धुवायला गेला. आपल्याला माफी मिळाली, असं तिनं धरून चाललं.

माफीचा विषय निघाला आहे तर म्हाळसाबाईंचं सांगितलं पाहिजे. म्हाळसाबाई म्हणजे रामेश्वरची आई. पोराचं सगळं उरकून ही बाई दवाखान्यात आली होती. स्वतःचा तरणा लेक गेलेला, आणि ती लीलाबाईंच्या पायावर डोकं ठेवून म्हणाली, "माझ्या पोरानं तुमच्या पोराचा पाय मोडला. मला माफ करा." लीलाबाईंनी तिला उठवून पोटाशी धरलं. पण म्हाळसाबाईंनी ते एवढ्यावर सोडलं नाही. तेव्हापासून दर थंडीत एसटीनं येते. एकदा स्वतः कातलेल्या लोकरीचं घोंगडं आणलं, एरवी बाजरी, तीळ, जे असेल ते. उंबऱ्यातच उभी राहून तेच वाक्य म्हणते आणि लीलाबाई "माफ केलं बाई, आत या" म्हणेपर्यंत पाऊल आत टाकत नाही. ती आली की अभय चपला घालून बाहेर निघून जायचा. सगळ्यांना वाटायचं, मित्राची आई बघून त्याला भरून येतं.

आणि मग सिनेमाचा दुसरा भाग आला. स्टुडिओला घाई होती, सुकेशनीनं भराभर लिहीत आणलं, आणि एका जागी अडकली. दोघं एक स्कूटर पळवतात. लांब केसांचा चालवतोय, जाड्या मागं बसलाय, भुकेनं कासावीस. जाड्या त्याच्या कानाशी काहीतरी बोलतो आणि दोघंही इतकं हसतात की स्कूटर झोकांड्या खाते. मूळ इंग्रजीत एका अमेरिकन खाऊवरचा विनोद होता, तो आपल्याकडं कुणाला कळणार? सुकेशनीनं दहा ओळी लिहिल्या, सगळ्या पांचट. रामेश्वरनं बोलून ठेवलेलं सगळं पहिल्या भागातच खर्ची पडलं होतं.

दुकानाला सुट्टी होती. अभय दुपारी खाटेवर पडला होता. विचारू की नको, विचारू की नको, असं करत सुकेशनीनं शेवटी लॅपटॉप त्याच्यापुढं ठेवला. तिला आतून भीती वाटत होती की हे पोरगं पुन्हा त्या वाटेला लागेल. पण ओळ पाहिजे होती, खोटं कशाला बोला. तिनं आवाज बंद करून प्रसंग लावला आणि म्हणाली, इथं रामेश्वर काय बोलला असता?

अभयनं एकदा बघितलं. पुन्हा लावायला सांगितलं. मग त्याच्या तोंडून रामेश्वरचाच आवाज निघाला, तोच हेल, तेच ओढून बोलणं. "हल्लू चला रे अभ्या, मेरी भूक पीछे गिर गई. वापस जाके उठानी पड़ती अब."

सुकेशनी खो खो हसली. अभयही हसला, किती दिवसांनी. ओठ बघितले तर जुळत होते. तिनं पटापटा टाइप करायला घेतलं, आणि "अभ्या" लिहून झाल्यावर तिची बोटं थांबली. हे काही अभयनं आत्ता सुचवलेलं नव्हतं, हे खरोखर कधीतरी बोललेलं होतं. मागं बसलेल्यानं चालवणाऱ्याला म्हटलं होतं. तिनं वर बघितलं. अभयचं हसणं कधीच थांबलं होतं, तो खाटेची दोरी धरून बसला होता.

तिनं विचारलं, "अभय, गाडी कोण चालवत होतं?"

"मी," अभय म्हणाला.

मग त्यानं सगळं सांगितलं, अडखळत, भिंतीकडं बघत. गाडी रामेश्वरची होती, पण निघताना तो म्हणाला होता, माझे डोळे मिटायलेत, तू घे. अभयचे डोळे तरी कुठं उघडे होते? मागून रामेश्वर ते भुकेचं बोलला. अभयला हसू आवरेना, आणि हसता हसता समोर ट्रॉली आली. दवाखान्यात शुद्ध आली तोवर सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं, ज्याची गाडी तोच चालवत असणार. त्याला वाटलं, उद्या सांगू. उद्या म्हाळसाबाई आली आणि त्याच्या आईच्या पायावर पडली, आणि मग त्याची जीभ जी टाळ्याला चिकटली ती चिकटलीच.

लीलाबाई दारात उभ्या होत्या, ते दोघांनाही दिसलं नव्हतं. दर रविवारी विहारात पंचशील म्हणणारी बाई, खोटं बोलणार नाही म्हणून हात जोडणारी. ती आत आली, दार लावून घेतलं आणि म्हणाली की हे ह्या भिंतीबाहेर जायचं नाही. तो गेला, त्याला आता कशाची गरज नाही. हा जिवंत आहे, कसाबसा उभा राहिलाय, ह्याला पुन्हा पाडायचं का? सुकेशनीनं एवढंच विचारलं की थंडी सुरू झाली, म्हाळसाबाई येतीलच, मग काय करायचं. लीलाबाई स्वयंपाकघरात गेल्या. तिथून बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला, नको तितका मोठा.

अंधार पडायच्या आधी त्या बाहेर आल्या. तोंड धुतलेलं होतं, डोळे सुजलेले होते. "मी त्या बाईला माफ करत राहिले गं," त्या म्हणाल्या. "उंबऱ्यात उभं करून माफ करत राहिले." मग अभयकडं वळून म्हणाल्या की ती यायच्या आत तू तिच्याकडं जा आणि सांग. अभयनं मान हलवली. सुकेशनीला स्वतःचाच संताप आला, की पोराला आपण उकरलं. पण उकरलं नसतं तर म्हाळसाबाई मरेपर्यंत माफी मागत राहिली असती, तेही खरं होतं. त्या रात्री तिनं ती भुकेची ओळ पुसली आणि स्टुडिओला पांचटच ओळ पाठवून दिली. त्यांना ती चालली.

दोघं बहीणभाऊ एसटीनं गंगापूरला गेले आणि तिथून जीपमध्ये कोंबून पुढच्या गावाला. म्हाळसाबाईंचं घर गावाच्या कडेला, पुढं मेंढरांचा वाडा, पण आता दहा-पंधराच मेंढरं उरलेली. ती कोकरांना पाला टाकत होती. ह्यांना बघून तिचा चेहरा खुलला, मग गोंधळला. ह्या घराचा उंबरा हिवराळ्यांनी अपघातानंतर पहिल्यांदाच बघितला होता. तिनं पोतं अंथरलं, पाणी दिलं, अभयच्या पायाकडं बघितलं आणि स्वतःच्या अंगणातसुद्धा तिनं हात जोडून सुरुवात केली, की माझ्या पोरानं...

"मावशी, थांबा," अभय म्हणाला. "गाडी मी चालवत होतो."

तिला कळलं नाही. तिनं सुकेशनीकडं बघितलं, जसं काही ती इंग्रजीचं हिंदी करते तसं ह्याचंही करून देईल. सुकेशनीनं मान खाली घातली.

"मंग माझा रामेश्वर कुठं व्हता?"

"माझ्या मागं."

म्हाळसाबाई खाली बसली. हातातला पाला तसाच होता, एक कोकरू येऊन तो ओढायला लागलं, तिला भान नव्हतं. अभय रडत रडत बोलत होता, मी भ्यालो मावशी, तुम्ही म्हणाल ती शिक्षा द्या, पोलिसात चला म्हणाल तर चलतो. तिनं त्यातलं किती ऐकलं कोण जाणे. तिनं विचारलं ते वेगळंच.

"काय बोलत व्हता का त्यो?"

अभयनं ती ओळ तिला मराठीत सांगितली, हळू चालव, माझी भूक मागं पडली म्हणून. हसू येणारी ओळ, पण तिथं कोण हसणार. म्हाळसाबाईचे ओठ हलले.

"भूक लागली व्हती त्याला?"

"व्हय."

"आन् मी त्याला पितरपाटात कावळ्याचा घास ठिवला न्हाई," ती म्हणाली. "एक साल बी न्हाई. दुसऱ्याच्या लेकराचा पाय मोडून गेलास, तुला कशाचा घास, म्हणलं. चुलीम्होरं बसून शिव्या घातल्या. गावात बी कुणी रामेश्वरचं नाव काढलं की म्या आधी शिव्या घालायची, म्हंजी लोकांनी घालू नयेत."

ती हे ओरडून बोलली नाही, आणि म्हणूनच सुकेशनीला ऐकवेना. अभय पुढं सरकला, पायाला हात लावायला गेला. म्हाळसाबाईनं पाय मागं घेतले. सुकेशनीला वाटलं, आता ही बाई म्हणेल, निघा माझ्या दारातनं. तसं म्हणाली असती तर बरंही झालं असतं, दोघं मान खाली घालून निघून गेले असते.

म्हाळसाबाई उठली. पदर खोचला, वाड्याचं फाटक ओढून घेतलं आणि अभयला म्हणाली, "ऊठ. ज्या ज्या दारात मी माझ्या लेकाला शिव्या घातल्या, त्या त्या दारात येऊन सांग. माझं कुणी ऐकायचं न्हाई. म्हणतील, आई हाय म्हणून सावरून घेती."

अभय उठला. त्याचा आखूड पाय पोत्यात अडकला तर तिनंच दंडाला धरून त्याला सरळ केलं, पण तोंडाकडं बघितलं नाही. ती पुढं, तिच्या मागं तो लंगडत, आणि त्याच्या मागं सुकेशनी. गल्लीतल्या बायका कामं टाकून बघत होत्या. पहिलं दार तिच्या चुलत दिराचं होतं, कडूबाचं. म्हातारा ओट्यावर दोरी वळत बसला होता, पाहुणे बघून चष्मा शोधायला लागला. अभयनं बोलायला तोंड उघडलं, पण म्हाळसाबाईला तेवढाही धीर नव्हता.

"भावजी," ती म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच फुटला, "माझा रामेश्वर मागं बसला व्हता."